आर्डिसचा कान

एल्डन ब्रेक्के हरणाच्या उशाशी जाऊन बसला तरी हरणाची झोप मोडणार नाही, असं आमच्या खोऱ्यात म्हणायचे. विस्कॉन्सिनच्या या टेकड्यांत शिकार काय, कोणीही करतो. नोव्हेंबरात बंदुकीचा हंगाम उघडला की शाळेत पोरं नसतात, दुकानात गिऱ्हाईक नसतं, आणि रविवारी पाद्रीबुवा निव्वळ बायकांसमोर प्रवचन देतात. कापलेल्या मक्याच्या बांधावर बसायचं आणि चरायला आलेली हरणी पाडायची, यात कसला आलाय पराक्रम! एल्डनचं तसं नव्हतं. हरणं दिवसा जिथे निजतात, तिथे जाऊन तो बसायचा.

बोलायला सोपं आहे हो. म्हातारा नर अंधार पडल्याशिवाय शेतात पाऊल टाकत नाही. दिवसभर तो टेकडीच्या सोंडेवर काटेरी जाळीत पाठीवर वारा घेऊन पडलेला असतो. मागून कोणी आलं तर त्याला वास येतो आणि समोरून आलं तर दिसतं. त्याला उजेडी गाठायचं तर ऐंशी-शंभर पावलांवर मचाण टांगावं लागतं, आणि तिथे चुकीला माफी नाही. एक बक्कल जरी खण्ण वाजलं तरी तो उठून जातो, आणि मग वर्षभर त्या टेकडीचं तोंड बघत नाही. म्हणून एल्डन सप्टेंबरपासूनच झाड शोधत हिंडायचा. सालपटं सुटलेलं झाड नको, ती कोटाला घासतात. फार सडपातळ नको, वाऱ्यात करकरतं. जायची वाट ओढ्यातून हवी, म्हणजे पावलांचा आवाज पाण्यात बुडतो. मचाण त्यानं स्वतःच्या हातानं केलेलं होतं: लोखंडी चौकट, बसायला आसन, पाय ठेवायला फळी आणि झाडाला आवळायला साखळी. साखळीवर सायकलची जुनी ट्यूब चढवलेली, बकलांना कापडी पट्ट्या गुंडाळलेल्या, आणि फळीवर चर्चमधून उचकटलेल्या जुन्या गालिच्याचा तुकडा. शेजारचा मर्ल त्याला म्हणायचा, "एल्डन, त्या पवित्र गालिच्यावर उभं राहून मारलेलं हरीण थेट स्वर्गात जातं का रे? तसं असेल तर मलाही एक तुकडा दे. माझी हरणं नुसती मर्लच्या पोटात जातात."

पण खरं सांगायचं तर त्या शांततेतला निम्मा वाटा आर्डिसचा होता. आर्डिस म्हणजे एल्डनची बायको.

एल्डननं अडतीस वर्षं चीजच्या कारखान्यात काढली आणि यंत्रांच्या घरघरीनं त्याचे कान खाल्ले. जाडेभरडे आवाज त्याला येत: ट्रक, गाय, मर्ल. बारीक आवाज मात्र गेले ते गेलेच. चिमण्या गेल्या, किल्ल्या गेल्या, लोखंडाची कुरकुर गेली. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण ते अधूनमधून शिट्टी मारायचं, आणि शिट्टी वाजवत शिकारीला कोण जाणार? ते ड्रॉवरमध्ये पडून असायचं. आर्डिसचा कान मात्र असा तिखट, की कोठारात उंदीर चालला तर स्वयंपाकघरात बसून ती सांगायची कुठल्या भिंतीला आहे.

तर गेली वीस वर्षं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हा कार्यक्रम ठरलेला. चर्चहून आल्यावर एल्डन अंगणातल्या मेपलच्या झाडाला छातीएवढ्या उंचीवर मचाण टांगायचा आणि वर उभा राहायचा. आर्डिस कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी त्याच्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभी. तो एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायचा, बसायचा, उठायचा, बंदूक खांद्याला लावायचा. काही वाजलं की आर्डिसचा हात वर. मग एल्डन खाली उतरून तिथे पट्टी गुंडाळायचा, मेण चोळायचा आणि पुन्हा चढायचा. हात वर यायचा थांबला की मचाण तयार.

"अगं, आता काय वाजलं?"

"तुझा गुडघा."

"त्याला मेण चोळू की काय?"

"चोळ. आणि थोडं डोक्यालाही चोळ, तेही हल्ली कुरकुरतं."

यंदा आर्डिस दोरीपाशी नव्हती. पोटातल्या कर्करोगानं तिला अंथरुणाला खिळवलं होतं. उन्हाळाभर जालीम औषधं झाली, सप्टेंबरात डॉक्टरांनी हात टेकले, आणि पुढच्या खोलीत खिडकीला लागून दवाखान्यासारखी वरखाली होणारी खाट आली. जोलीन नावाची नर्स रोज सकाळी यायची. दिवाळखोर झालेल्या दुकानातून शेवटचा माल उचलावा तसं एल्डन एकेक दिवस उचलत होता. यंदा शिकारीला जायचंच नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. मर्लही म्हणाला, "बस घरात. हरणं काय, पुढच्या वर्षीही असतील." आणि मग त्यानं जीभ चावली.

आर्डिसनंच ते मोडून काढलं. "तू दिवसभर खुर्चीत बसून माझ्याकडे असा बघत राहिलास तर मी रोगाच्या आधी तुझ्या नजरेनं मरेन. जा. मला कांदा घातलेली कलेजी खायची आहे. दुकानातली नको, तुझी."

आता यात एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

चौतीस वर्षांपूर्वी आर्डिसला दिवस गेले होते, सातवा महिना होता. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावरचं ते पहिलं मूल. हंगाम उघडायचा शनिवार आला तेव्हा तिची कंबर सकाळपासून दुखत होती. ती म्हणाली, "आजच्या दिवस राहिलास तर?" एल्डन म्हणाला, "दुपारपर्यंत येतोच. काही लागलं तर हॉर्न वाजव." आमच्याकडे ही रीतच आहे. दरीत तेव्हा फोन नव्हते आणि आजही तिथे फोनला रेंज नाही. घरून ट्रकचा हॉर्न तीनदा वाजला की शिकाऱ्यानं असेल तिथून खाली यायचं. त्यात कोणी का आणि कशाला विचारत नाही.

साडेदहाला हॉर्न वाजला. तीनदा.

एल्डननं तो ऐकला. तेव्हा त्याचे कान शाबूत होते. पण ज्या नराच्या मागावर तो सप्टेंबरपासून होता, दहा टोकांची शिंगं मिरवणारा तो नर, नेमका त्याच घटकेला साठ पावलांवर जाळीतून उठत होता. आधी मागचं अंग उचललं, मग पुढचं, आणि मग तो तसाच जाळीआड उभा राहिला. एल्डनच्या मनात आलं, पाहुणे आले असतील. मनात आलं, पाचच मिनिटं. हॉर्न पुन्हा वाजला, पुन्हा तीनदा. नर अजून जाळीआडच होता. एल्डन हलला नाही. वीस मिनिटांनी नर मोकळ्यावर आला आणि एल्डननं त्याला पाडला.

तो घरी पोचला तेव्हा पायरीवर रक्त होतं आणि घरात कोणी नव्हतं. दूध न्यायला आलेल्या टँकरवाल्यानं आर्डिसला उचलून दवाखान्यात नेलं होतं. मुलगी झाली, ती श्वास न घेतलेली. तिचं नाव करीन ठेवलं आणि चर्चमागच्या उतारावर तिला पुरलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित, कदाचित नाहीही. त्यानंतर मूल झालं नाही.

दवाखान्यात आर्डिसनं त्याला बघितलं आणि तिनंच विचारलं, "वारा उलटा होता ना रे? तुला ऐकू आलं नसेल."

एल्डन म्हणाला, "हो."

एवढाच एक शब्द. तो चौतीस वर्षं त्याच्या घशात अडकून बसला. ती दहा टोकांची शिंगं तर त्याला जाळून टाकायची होती, पण आर्डिसच म्हणाली, "असू दे. त्या दिवसाचं तेवढंच तर काहीतरी घरी आलं." ती शिंगं पुढच्या खोलीत भिंतीवर लागली आणि दर शनिवारी ती जुन्या मोज्यानं त्यांच्यावरची धूळ पुसत आली. तो मोजा फिरताना बघितला की एल्डन उठून कोठारात जायचा. लोकांना वाटायचं, माणूस अबोल आहे.

यंदा ऑक्टोबरच्या मध्यावर एका दुपारी त्यानं ते सांगून टाकलं. आर्डिस उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होती. तो खाटेशेजारी खुर्चीत बसला, तिचा हात हातात घेतला, आणि मान खाली घालून, पुटपुटल्यासारखं, पण सगळं सांगितलं. हॉर्न ऐकला होता. दोन्ही वेळा. नर उठत होता म्हणून उतरलो नाही. तुझ्याशी खोटं बोललो. सत्तरीचा गडी तो, लहान पोरासारखा रडला. शेवटी त्यानं वर बघितलं तेव्हा आर्डिस त्याच्याकडेच बघत होती. तिनं मान डोलावली आणि त्याच्या हातावर दोनदा थोपटलं.

त्या दिवशी संध्याकाळी एल्डननं दोनदा वाढून घेऊन जेवण केलं. कित्येक वर्षांत त्याला अन्नाची चव लागली नव्हती, हे त्याला त्या दिवशी कळलं. आर्डिस जाणार होती, त्यावर काही इलाज नव्हता, पण ती सगळं कळून, माफ करून जाणार होती. एवढ्या आधारावर तो माणूस पुढचे दिवस उभा राहिला.

मग तो रविवार आला. मेपल खिडकीच्या समोरच आहे. जोलीननं खिडकी उघडली आणि आर्डिसला दोन गोधड्या पांघरल्या. एल्डननं मचाण टांगलं आणि वर चढला.

"मिट डोळे!" तो ओरडला.

आर्डिस हसली आणि तिनं डोळे मिटले. पहिल्याच हालचालीला तिचा हात वर आला. एल्डननं उतरून डाव्या बकलाला पट्टी गुंडाळली. आणखी एकदा हात वर आला, त्यानं साखळीला मेण चोळलं. नंतर तो बसला, उठला, वळला, टाचेवर गेला, चवड्यावर आला. हात गोधडीवर पडून होता तो हलला नाही.

"झालं?" त्यानं खिडकीशी येऊन खूण करत विचारलं.

"मांजराच्या पावलांसारखं झालंय," आर्डिस म्हणाली. "जा आता, आणि कलेजी घेऊनच ये."

हंगामाचा पहिला शनिवार उजाडला तो थंड आणि कोरडा. जोलीन दिवसभर थांबायला तयार झाली होती. एल्डननं ट्रकची किल्ली तिच्या हातात दिली आणि तीन बोटं दाखवली.

"माहिती आहे एल्डन, तीनदा. आठवडाभर हेच सांगताय," जोलीन म्हणाली. "मी काय बहिरी आहे का?"

"मी उतरेन," तो म्हणाला. "पहिल्याच हॉर्नला उतरेन."

जोलीनला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती म्हणाली, "बरं."

दुपारी बारा वाजता तो ओढ्यातून वर गेला. हरणं पहाटे चरून परत येऊन निजलेली असतात. त्यांची पक्की झोप भरदुपारी. पंधरा पावलं टाकायची आणि थांबायचं, खारीसारखं. त्यानं निवडलेलं झाड जुनं लिंडन होतं, जाळीपासून नव्वद पावलांवर, वाऱ्याच्या रेषेत नव्हे तर कडेला. मचाण त्यानं आठवड्यापूर्वी पाऊस पडत असताना, त्या आवाजाच्या आडोशानं टांगून ठेवलं होतं. चढायला त्यानं पाऊण तास घेतला. मग खिशातून जंगली रुईची एक कापसाळ म्हातारी काढून हवेत सोडली. ती तरंगत ओढ्याकडे गेली, जाळीकडे गेली नाही. वारा पक्का होता.

दोन तास काही नाही. सव्वातीनच्या सुमाराला जाळीत एक कान हलला. एक मादी पडली होती, पालापाचोळ्याच्या रंगाची. एल्डनचा उजवा पाय आखडला होता, म्हणून त्यानं भार हळूच उजव्या टाचेवर घेतला. मादीचे दोन्ही कान त्याच्याकडे वळले.

त्यानं श्वास रोखला. वारा फिरला की काय? त्यानं आणखी एक म्हातारी सोडली. ती ओढ्याकडेच गेली. मादीनं कान खाली पाडले, रवंथ सुरू केलं. दहा मिनिटांनी त्यानं पुन्हा टाचेवर भार घेतला, आणि मादीनं मान उचलून सरळ त्याच्या झाडाकडे बघितलं.

एल्डननं बंदूक मांडीवर ठेवली. शिकार बिघडली म्हणून नव्हे. तिसऱ्यांदा त्यानं जाणूनबुजून, मादीकडे बघत बघत, उजवी टाच दाबली. मादी ताडकन उठून उभी राहिली.

मचाण वाजत होतं. उजव्या टाचेखाली लोखंडाला लोखंड घासत होतं, आणि चांगलं नव्वद पावलांवर ऐकू जाईल इतकं वाजत होतं. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं, पण ते नेहमीचंच. अंगणात याच टाचेवर तो चार वेळा गेला होता. खिडकी दहा पावलांवर होती. आणि उंदराची भिंत ओळखणाऱ्या आर्डिसचा हात वर आला नव्हता.

मग एकेक गोष्ट मागून येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. टीव्ही नको म्हणाली होती, डोकं दुखतं म्हणून. मर्ल विनोद सांगायचा तेव्हा आर्डिस हसायची, पण इतर हसल्यावर. जोलीन तिच्याशी बोलताना समोर येऊन, ओठ हलवून बोलायची. तो जालीम औषधांचा कागद, त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, कानांवर परिणाम होऊ शकतो. त्या रविवारी दोन्ही वेळा हात तिनं अंदाजानंच वर केला होता. दर वर्षी सुरुवातीला दोनतीनदा हात वर होतोच की! पुढे हात खाली ठेवला, त्याचं मन मोडू नये म्हणून. दोन बहिरी माणसं, एक दुसऱ्याला सांगत होतं, काही वाजत नाही.

आणि ऑक्टोबरातली ती दुपार. मान खाली घालून, पुटपुटत बोललेलं ते सगळं. तिनं मान डोलावली होती. देवा रे, तिनं नुसती मान डोलावली होती.

त्याच वेळी मादीच्या मागून नर उठला. आधी मागचं अंग, मग पुढचं. यंदाचा सगळ्यात मोठा नर, मर्ल ज्याला पाडायच्या बढाया मारत फिरत होता तो. जाळी ओलांडून तो मोकळ्यावर आला आणि आडवा उभा राहिला, संपूर्ण. बंदूक एल्डनच्या मांडीवर होती.

त्यानं काडतुसं काढून खिशात टाकली आणि तो खाली उतरायला लागला, आवाजाची पर्वा न करता, धाडधाड. पांढऱ्या शेपट्या वर करून हरणं टेकडीपलीकडे गेली. त्यानं बघितलंही नाही.

घरापर्यंतच्या वाटेवर त्याच्या मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, आता कशाला? तिला काही ठाऊक नाही, ती शांत आहे, तिला तशीच जाऊ दे. तू सांगणार ते तुझं ओझं उतरावं म्हणून. दुसरा काही बोलत नव्हता, नुसता त्याच्या मागून चालत होता. फाटकापाशी येईस्तोवर पहिला जिंकला होता. एल्डननं ठरवलं, गप्प राहायचं. गप्प राहण्याची त्याला सवय होतीच.

जोलीन दारातच भेटली. "इतक्यात? मी हॉर्न नाही वाजवला."

"तिला ऐकू येत नाही," एल्डन म्हणाला.

जोलीननं खाली बघितलं. "ऑगस्टपासून. माझ्याकडून वचन घेतलं होतं त्यांनी. म्हणाल्या, म्हाताऱ्याला सांगू नकोस, तो माझ्या कानाच्या जिवावर शिकार करतो."

एल्डन आत गेला. आर्डिस जागी होती. त्याचे रिकामे हात बघून तिनं भुवई उंचावली, आणि मग त्याचा चेहरा बघितला.

"कळलं तुला," ती म्हणाली. "मचाण वाजलं ना? मेलं ते लोखंड. मला वाटलंच होतं." थोडा वेळ ती दम खात राहिली. "एल्डन, एक विचारायचं राहिलंय. मागे एकदा तू इथे बसून रडत होतास. काहीतरी मोठं सांगत होतास. मला एक अक्षर कळलं नाही रे. मी मान डोलावली, तुला बरं वाटावं म्हणून. पण तेव्हापासून मनात राहिलंय. काय सांगत होतास?"

ती त्याला बोलावत होती. फाटकापाशी केलेला निश्चय तिथल्या तिथे गळून पडला. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द त्याला पाठही होता. त्यानं भिंतीवरचं जनावरांच्या खाद्याच्या दुकानाचं कॅलेंडर काढलं, ते उलटं केलं, आणि सुताराच्या जाड पेन्सिलीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं.

करीनच्या दिवशी मी हॉर्न ऐकला होता. दोन्ही वेळा. नर उठत होता म्हणून उतरलो नाही. वारा उलटा नव्हता.

त्यानं तिला चष्मा लावला आणि कागद तिच्यासमोर धरला. वाचता वाचता तिनं कागद स्वतःच्या हातात घेतला. वाचून झाल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

त्यानं दोन्ही पंजे उघडून दोनदा दाखवले. वीस.

आर्डिसनं डोळे मिटले. जोलीन दारातून मागे सरली. आर्डिस बोलली, आणि तिचा आवाज एल्डनला नीट ऐकू आला.

"मी वाऱ्याला बोल लावला रे. चौतीस वर्षं. वारा सुटला की मी खिडक्या लावून घ्यायची. तुला वाटायचं मला थंडी वाजते."

एल्डननं पेन्सिल खाली ठेवली. तो उभा राहिला.

"ती शिंगं काढ," आर्डिस म्हणाली.

त्यानं खुर्चीवर चढून शिंगं उतरवली. भिंतीवर त्यांच्यामागे जुन्या रंगाचा फिकट ठसा राहिला होता. शिंगं कोठाराच्या मागे नेऊन त्यानं कुऱ्हाडीनं फोडली आणि परत आला. आर्डिस त्या ठशाकडे बघत होती.

रविवार गेला, सोमवार गेला. ती पाणी घ्यायची, गोळी घ्यायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. मर्लनं आपल्या हरणाची कलेजी आणून दिली. एल्डननं ती कांदा घालून परतली आणि बशी तिच्यापुढे धरली. तिनं तोंड फिरवलं नाही, पण उघडलंही नाही. एल्डनला वाटलं, आता ही अशीच जाणार, आणि हे आपल्याच हातानं झालं. सांगितलं नसतं तर शेवटचे दिवस ती त्याच्याशी हसून बोलली असती. त्याला पश्चात्ताप झाला का? झाला, सोमवारी दिवसभर झाला. पण तिनं विचारलं होतं, आणि विचारल्यावर दुसऱ्यांदा झाडावर बसून राहणं त्याच्यानं झालं नसतं.

मंगळवारी दुपारी बाहेर वारा सुटला. मेपलच्या उरल्यासुरल्या पानांची खिडकीबाहेर झुंबड उडाली. एल्डन सवयीनं खिडकी लावायला उठला.

"राहू दे," आर्डिस म्हणाली. "येऊ दे आत."

त्यानं खिडकी अर्धी उघडली. गार हवा आत आली आणि तिचे विरळ केस कपाळावरून उडाले. बराच वेळ ती वाऱ्याकडे तोंड करून पडली होती. मग तिनं गोधडीतून हात बाहेर काढला आणि खाटेच्या कडेवर ठेवला, तळवा वर करून.

"इथे बस," ती म्हणाली. "हलू नकोस."

एल्डन खुर्ची ओढून बसला आणि त्यानं तिच्या तळव्यात आपला हात ठेवला. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. त्यानंही विचारलं नाही. तो बसून राहिला. तीन वाजता पोस्टाची गाडी येऊन गेली. त्याचा उजवा पाय आखडला, मग बधिर झाला, पण त्यानं टाच हलवली नाही. चारच्या सुमाराला तिच्या श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. बारीक आवाज त्याला ऐकू येत नसत, म्हणून तिचा शेवटचा श्वास कुठला ते त्याला कळलं नाही. जोलीननं येऊन दिवा लावला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हाही तो तसाच बसलेला होता.